बारा नंबरची मोकळी ओळ

हॉस्पिटलातल्या कुणालाही त्यांचं खरं नाव विचारा, निम्मे लोक तरी डोकं खाजवतील. हजेरीपटावर असेल ते कुठेतरी. बाकी सगळ्यांसाठी त्या अजूनबाई. एखादा डॉक्टर घामाघूम होऊन तळघरातल्या लायब्ररीत उतरायचा, "बाई, सगळं बघून झालं, या विषयावर कुणी काही लिहिलेलंच नाही," म्हणत खुर्चीत अंग टाकायचा, आणि बाई चष्मा नाकावरून खाली ओढून शांतपणे विचारायच्या, "बरं. अजून कुठे बघितलंत?" तो बिचारा फोन खिशात टाकायचा. कारण त्यानं बघितलेलं असायचं एकाच ठिकाणी, तेही फोनवर, तेही लिफ्टची वाट बघता बघता.

लायब्ररी म्हणजे काही थाटाची जागा नव्हती. तळघरात एका बाजूला धुलाईखाना, दुसऱ्या बाजूला जुन्या एक्स-रे फिल्म्सची खोली, आणि मध्ये ही. भिंतीपलीकडे चादरी सुकवायची मशीनं दिवसभर घरघरायची, त्यामुळे थंडीत खोली उबदार असायची आणि उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे निव्वळ शिक्षा. खिडकी एकच, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. बाई डॉक्टरांना बुटांवरून ओळखायच्या. "आले बघा हाडांचे डॉक्टर, डावा पाय ओढत. लोकांचे गुडघे बदलतात आणि स्वतःचा दाखवायला यांना वेळ नाही," असं पुटपुटत त्या कपाटातून त्यांचा कागद आधीच काढून ठेवायच्या.

आता त्यांचं काम काय, ते नीट सांगायला हवं, कारण बाईंच्या सख्ख्या बहिणीलाही ते तीस वर्षांत कळलं नव्हतं. ती लोकांना सांगायची, "आमची ताई डॉक्टरांना पुस्तकं देते." पुस्तकं म्हणे! अहो, एखाद्या उपचाराचा खरोखर उपयोग होतो का, हे ठरवायचं तर एखाददुसरा अभ्यास वाचून भागत नाही. त्या प्रश्नावर जगभरात झालेला एकूण एक अभ्यास गोळा करायचा, मनासारखा असो वा नसो, छापून आलेला असो वा कुणाच्या टेबलाच्या खणात पडलेला असो, आणि मग सगळे समोर मांडून निवाडा करायचा. ते सगळे शोधून आणणं हे बाईंचं काम. लेखांची कोठारं कॉम्प्युटरवर असतात, एक नाही, चांगली पाच-सहा, प्रत्येकात लाखो लेख, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

खरी गोम अशी, की माणसं एका गोष्टीला एकाच नावानं कधी हाक मारत नाहीत. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो. दिवस की रात्र कळत नाही, नळ्या उपटतात, घरच्यांना ओळखत नाहीत. याला डॉक्टर एक नाव देतात, नर्स दुसरं, मेंदूवाले तिसरं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या लेखात चौथंच काहीतरी. बाई आधी कागदावर या सगळ्या नावांची यादी करायच्या. मग कॉम्प्युटरला एकेक ओळ नंबर घालून सांगायच्या, पहिली ओळ हे नाव, दुसरी ओळ ते नाव, आणि गट संपला की एक जोडओळ, की बाबा रे, या नंबरपासून त्या नंबरपर्यंत काहीही सापडलं तरी चालेल. असे दोन-तीन गट झाले की शेवटचा हुकूम: या गटातलं काहीतरी आणि त्या गटातलं काहीतरी, दोन्ही ज्यात आहे तेवढंच दे. ऐकायला सोपं आहे, करायला बसलं की नाकीनऊ येतात. एक नाव विसरलात की त्या नावानं लिहिणारे सगळे दाराबाहेर. आणि उगाच सैल सोडलंत की चाळीस हजार लेख अंगावर येतात, ते चाळता चाळता माणूस म्हातारा होतो.

तेवढ्यावर बाई थांबत नसत. चांगला लेख हाती लागला की त्यानं कुणाकुणाचा आधार घेतलाय ते बघायचं, आणि नंतर त्याचा आधार कुणी घेतलाय तेही बघायचं. मग सुरू केल्याची नोंद आहे पण निकाल कधी छापलाच नाही, असे अभ्यास हुडकून त्यांच्या मालकांना पत्रं पाठवायची. "निकाल चांगला आला की लोक ढोल पिटतात. वाईट आला की मूग गिळून बसतात. मला त्या बसलेल्यांना उठवायचं असतं," असं त्या म्हणायच्या. आणि कुठे काही मिळालंच नाही तर तेही वहीत लिहायच्या, तारखेसकट: पाहिलं, नाही.

एकदा एक नावाजलेले सर्जन आले होते. म्हणाले, "बाई, या पद्धतीच्या बाजूनं चार-पाच पेपर काढून द्या, उद्या भाषण आहे." बाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "बाजूनं बोलणारे हवे असतील तर वकिलाकडे जा. इथे दोन्ही बाजूंचे एकत्रच मिळतात, आम्ही सुटे देत नाही." सर्जनसाहेब तडक निघून गेले आणि वर्षभर तळघराकडे फिरकले नाहीत. नंतर मात्र आले, आणि मग दर वेळी तिथेच यायला लागले.

घरीही तीच तऱ्हा. बाईंचे यजमान वायरमन होते, आता निवृत्त. पस्तीस वर्षं लोकांच्या भिंतींतल्या तारा सरळ करून झाल्यावर आता खिडकीत बसून शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करायचे. ते सांगायचे, "हिला कुकरची रिंग आणायला पाठवा, ही सगळी दुकानं पालथी घालून येते." "पहिल्याच दुकानात मिळाली तरी?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तरी! वर दुकानांची यादी घरी घेऊन येते." बाई आतून ओरडायच्या, "आणि ती रिंग किती वर्षं टिकली, तेही सांगा की त्यांना!" या दोघांचं असंच चालायचं.

पण बाईंच्या मनात एक सल होता, आणि त्याचा उल्लेख त्या कुणाजवळ करत नसत. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई याच हॉस्पिटलात, वरच्या आयसीयूत होती. ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्या दिवसापासून आईला भ्रम झाला. नातेवाइकांना सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास आत सोडायचे, साडेसहाला दार बंद. त्या दारापलीकडून आई बाईंना हाक मारत राहायची. "माझ्या मुलीला बोलवा," असं सारखं चालू असायचं. बाई बाहेर बाकावर बसून ते ऐकत होत्या. एकाच हॉस्पिटलात पंचवीस वर्षं नोकरी, सगळे ओळखीचे, पण नियम म्हणजे नियम, आणि बाईंनी कधी नियम मोडला नव्हता. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा आई गेलेली होती. मी आत असते तर ती शांत झाली असती, हे एकच वाक्य बाईंनी सहा वर्षं मनात धरून ठेवलं होतं.

म्हणून मग आयसीयूतली छोटी डॉक्टर तळघरात आली आणि तिनं प्रश्न सांगितला, तेव्हा बाईंच्या हातातला पेन खाली पडला. छोटी डॉक्टर म्हणजे वयानं छोटी. आवाज मात्र असा, की पलीकडची मशीनं गप्प व्हावीत. ती म्हणाली, "बाई, म्हाताऱ्या पेशंटजवळ घरचं माणूस दिवसभर बसलं तर त्यांचा भ्रम कमी होतो का? मला सगळे अभ्यास हवेत. हॉस्पिटलच्या कमिटीपुढे ठेवायचेत. मला ते दार उघडायचंय."

"उघडायचंय की उघडावं का ते बघायचंय?" बाईंनी विचारलं. डॉक्टर हसली, म्हणाली, "बघायचंय. पण उघडायचंय." बाईंनी पेन उचलला आणि नवीन वही काढली.

असं मन लावून त्यांनी आधीही काम केलं होतं, पण या वेळची गोष्टच वेगळी होती. भ्रमाची सगळी नावं जमवली, त्या झाल्या पाच ओळी आणि सहावी जोडओळ. मग जवळ बसणाऱ्यांची नावं: सातवी ओळ कुटुंब आणि नातेवाईक, आठवी नवरा-बायको, नववी काळजी घेणारे, दहावी रात्रीची सोबत, अकरावी भेटीच्या वेळा. बारावी जोडओळ: सात ते अकरा, यातलं काहीही. मग आधीपासून माहीत असलेले नऊ लेख घेऊन तपासलं, की आपल्या जाळ्यात हे नऊच्या नऊ सापडतात का. सापडले. बाईंची पद्धत अशी, की आपलं काम दुसऱ्या लायब्ररीतल्या जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. तिनंही बघितलं, दोन नावं सुचवली, ती आहे त्याच ओळींत बसली, बाकी ठीक म्हणाली.

आणि मग, सगळं तपासून झाल्यावर, छोटी डॉक्टर धावत खाली आली. "बाई, पगारी सोबतीण आणि स्वयंसेवक राहिले की! घरचं माणूस नसलेल्यांजवळ तेच बसतात." बरोबरच होतं तिचं. बाईंनी नवव्या ओळीखाली एक नवीन ओळ घुसवली. आकडा थोडा वाढला, त्यांना बरं वाटलं. पुन्हा तपासायला पाठवावं असं एकदा मनात आलं, पण एक ओळ तर आहे, तेवढ्यासाठी त्या बाईला कशाला त्रास, असं म्हणून त्यांनी ते तसंच पाचही कोठारांत चालवलं. तीस वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं. घाई होती म्हणावं तर कमिटीला दोन महिने होते. खरं सांगायचं तर त्यांना ते दार उघडलेलं बघायचं होतं.

दोन हजार तीनशे सोळा लेख आले. दोघींनी वेगवेगळं बसून ते चाळले, मग एकमेकींच्या याद्या ताडून बघितल्या, भांडल्या, समेट केला, आणि शेवटी प्रश्नाला धरून असलेले अकरा अभ्यास उरले. त्यातले आठ म्हणत होते, घरचं माणूस जवळ असलं की भ्रम कमी होतो. उरलेल्या तिनांत फरक दिसला नव्हता. छोटी डॉक्टर तर नाचायचीच बाकी होती. "बाई, आठ! अकरात आठ!" बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि खूप दिवसांनी बहिणीला आपणहून फोन केला.

कमिटी गुरुवारी होती. आदल्या रविवारी दुपारी बाई घरी शेवटचं पान वाचायला बसल्या. अहवालाच्या शेवटी शोधाच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा छापाव्या लागतात, म्हणजे उद्या कुणालाही तोच शोध पुन्हा करून बघता येतो. छापायच्या आधी बाई त्या मोठ्यानं वाचायच्या आणि यजमान कागदावर बोट ठेवून मिळवून बघायचे. त्यांना त्यातल्या शब्दांचं ओ की ठो कळत नसे. ते फक्त नंबर बघायचे.

"तेरावी ओळ. सात ते अकरा, यातलं काहीही," बाईंनी वाचलं. "चौदावी. सहा आणि तेरा."

"थांब गं," यजमान म्हणाले. "बारा नंबरची कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? ती काय, वर आहे ना. भेटीच्या वेळा."

"आहे ती दिसतेय मला. पण जोडलीय कुठे? सहा आणि तेरा इथे आले. तेरामध्ये सात ते अकरा आले. बारा कुणालाच लावलेली नाही. मोकळी लोंबकळतेय."

"अहो, काहीतरीच काय! मी स्वतः…" बाईंनी कागद हिसकावून घेतला. आणि मग त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मधे एक ओळ घुसवली, तेव्हा खालचे सगळे नंबर एकेकानं सरकले. शेवटच्या ओळीतला आकडा त्यांनी बदलला होता. जोडओळीतला बदलायचा राहिला. सात ते बारा हवं होतं तिथे सात ते अकराच राहिलं. म्हणजे ज्यांनी आपल्या लेखात कुटुंब, नातेवाईक असं काही न लिहिता नुसतं 'भेटीच्या वेळा वाढवल्या' एवढंच लिहिलं होतं, ते सगळे बाहेर राहिले होते. पाचही ठिकाणी. माहीत असलेले नऊ लेख सापडत होते, कारण त्या नवांतही 'कुटुंब' हा शब्द होताच. कॉम्प्युटर काही ओरडत नाही. तो मुकाट्यानं मोजून देतो.

यजमानांनी उठून पाणी आणून दिलं. "अगं, होतं असं. मी एकदा अख्ख्या मजल्याची घंटा संडासाच्या दिव्याला जोडली होती," ते म्हणाले. एरवी बाई हसल्या असत्या.

सोमवारी सकाळी साडेसातलाच त्या तळघरात हजर. जोडओळ दुरुस्त केली, पाचही कोठारांतून पुन्हा काढलं, आधी आलेले गाळले. एकशे त्रेसष्ट नवीन लेख उरले. त्या चाळत बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन उरले. एकात थोडासा फायदा होता. बाकीच्या दोन्ही ठिकाणी हॉस्पिटलांनी दार दिवसभर उघडं ठेवलं होतं आणि भ्रम काही कमी झाला नव्हता. एका ठिकाणी तर गर्दी वाढली, नर्सना काम करणं मुश्कील झालं आणि नळ्या उपटायचं प्रमाण किंचित वाढलं. दोन्ही अभ्यास मोठे होते, नीट केलेले होते. बाईंनी त्यात खोट काढायचा मनापासून प्रयत्न केला. खोट निघेना.

पलीकडची मशीनं बंद झाली तरी त्या तिथेच बसून होत्या. कुणाला कळणार होतं? जाणत्या बाईचं तपासून झालं होतं, डॉक्टरला नंबरांतलं काही कळत नव्हतं, आणि कमिटीतले लोक शेवटचं पान उघडून बघतील, छे, त्यांना पहिलं वाचायलाही वेळ नसतो. दार उघडलं असतं. उद्या एखादी मुलगी बाहेर बाकावर न बसता आत बसली असती. यात वाईट काय, असं त्यांनी स्वतःला दोनदा विचारलं. मग तीन लेख छापून घेतले आणि वर डॉक्टरच्या खोलीत गेल्या.

छोटी डॉक्टर आधी ऐकतच नव्हती. "बाई, हे आता? गुरुवारी कमिटी आहे."

"चूक माझी आहे. मी तिथे तसं सांगेन."

"अहो, पण… आधी हे पास होऊ द्या ना. हे तीन आपण पुढच्या वेळी घालू. लपवत थोडेच आहोत?" डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. "तुम्ही बघितलंय का त्या बाकावर बसलेल्या लोकांना? मी रोज बघते."

"मी बसले आहे त्या बाकावर," बाई म्हणाल्या. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आईबद्दल सगळं सांगितलं, दाराबद्दल, हाकांबद्दल. "मला ते दार तुझ्यापेक्षा जास्त उघडून हवंय. म्हणून तर माझी ओळ मोकळी राहिली. इतकं हवं असलं ना, की माणसाचा स्वतःवर भरवसा राहत नाही, गं. बस इथे. दोन दिवस आहेत, हे तीन नीट वाचू."

डॉक्टरनं नाक पुसलं, खुर्ची ओढली आणि पहिला लेख उघडला.

गुरुवारी कमिटीत मोठे साहेब बसले होते. मोठे साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, सरळ माणूस, पण घाईत असलेला सरळ माणूस. छोट्या डॉक्टरनं सगळं मांडलं: अभ्यास चौदा, बाजूचे नऊ, फरक न दिसलेले किंवा उलट गेलेले पाच. मग बाई उभ्या राहिल्या आणि शोधात कुठे चूक झाली, कधी लक्षात आली आणि ती चूक कुणाची, हे सांगून खाली बसल्या.

"म्हणजे ठामपणे काही सांगता येत नाही, असं तुम्हीच म्हणताय," मोठे साहेब म्हणाले.

"गेल्या रविवारपर्यंत सांगता येत होतं," बाई म्हणाल्या. "आता येत नाही."

साहेबांनी कागद खालीवर केले. सगळ्या वॉर्डाला दार उघडायचा प्रस्ताव बारगळला. शेवटच्या चार खाटांपुरती परवानगी मिळाली: एका पेशंटजवळ घरचं एकच माणूस, सहा महिने, रोज नोंद ठेवायची आणि मग बघू. छोटी डॉक्टर जिन्यात म्हणाली, "चार खाटा! वॉर्डात बावीस आहेत." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत काय घालणार, त्यांनाच रडू येत होतं. घरी आल्यावर त्या न जेवता पडून राहिल्या. त्यांनी आपल्या हातानं ते दार लावलं होतं, असंच त्यांना वाटत होतं. यजमान उशाशी येऊन बसले, हे त्यांनी फार बरं केलं.

दोन आठवड्यांनी छोट्या डॉक्टरचा फोन आला. "बाई, वर या ना. एकदा बघून तरी जा."

बाईंना जायचं नव्हतं. आईनंतर त्या आयसीयूच्या आत गेल्याच नव्हत्या. तरी गेल्या. साडेसहा वाजून गेले होते. दाराशी शिपाई लोकांना बाहेर काढत होता, बाकावर माणसं बसायला लागली होती. बाई मान खाली घालून त्यांच्यापुढून आत गेल्या. शेवटच्या चार खाटांना पडदा लावला होता. त्यातल्या एकीवर एक म्हातारी होती, हाडांवर नुसती कातडी, आणि शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला चाळिशीची मुलगी, ऑफिसातून थेट आलेली, पर्स अजून खांद्यालाच.

"माझ्या मुलीला बोलवा," म्हातारी म्हणत होती. "कुठे गेली ती? बोलवा ना तिला."

"आई, मीच आहे. ही बघ. मी इथेच आहे."

म्हातारीनं तिच्याकडे नीट बघितलं. मग पडद्याकडे तोंड करून ओरडली, "सिस्टर! माझ्या मुलीला आत सोडत नाहीत हे लोक. बोलवा तिला!"

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुलगी आत होती. हात हातात होता. आणि हाक तीच होती, शब्दन्‌शब्द तीच, सहा वर्षांपूर्वी त्या दाराबाहेरून ऐकलेली. म्हणजे आपण आत असतो तरी आईनं अशीच हाक मारली असती कदाचित. आपल्याकडे बघत मारली असती. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि दुसऱ्याच्या आईच्या खाटेशी उभं राहून हलकं वाटतंय याची लाजही वाटली.

मुलीनं वर बघितलं. "तुम्ही इथल्याच ना? मला एक सांगा. मी इथे बसून काही उपयोग होतोय का हो? आई तर ओळखतसुद्धा नाही मला. सगळे म्हणतात, घरी जा, झोप काढ."

चौदाही अभ्यास बाईंना तोंडपाठ होते. बाजूचे नऊ, बाकीचे पाच, कुठल्या हॉस्पिटलात किती खाटा, किती दिवस. सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

"माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. "पण मला कुणी बसू दिलं असतं ना, तर मी उठले नसते."

मुलीनं खांद्यावरची पर्स काढून जमिनीवर ठेवली, खुर्ची खाटेला भिडवली आणि म्हातारीच्या अंगावर वाकली.

"बोलावलंय हं तिला," ती म्हणाली. "येतेच आहे ती. तोवर मी बसते."